यातला कुठला कागद चालतो?

सकाळचे सात. मीरा रोडच्या मजूर नाक्यावर थापी, ओळंबा, घमेली घेऊन माणसं उभी आहेत. मला बाथरूमचा गिलावा करून घ्यायचाय. ज्याच्याशी बोलणं जमतं तो मिस्त्री पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा, बारा वर्षं इथे आहे. मजुरी ठरते, आणि मी काहीच मागितलेलं नसताना तो हत्यारांच्या थैलीतून एक प्लास्टिकची पिशवी काढतो.

"आधी हे बघून घ्या, साहेब."

आधार, मतदार कार्ड, शाळेचा दाखला. सगळ्यांत खाली आजोबांच्या जमिनीचा दस्त. घडीवर चिकटपट्टी, बंगाली अक्षरं पुसट. सिमेंटने फुटलेली बोटं कागदाला लागू नयेत म्हणून तो दस्त मनगटावर आडवा धरतो.

"यातला कुठला चालतो?"

मी गप्प. नुसतं आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये म्हटलंय. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरच टाकली आहे. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

सरकार म्हणतं, पडताळणी करूनच बांगलादेशी घुसखोरांना परत पाठवतो. खरा घुसखोर असेल तर जरूर पाठवा. पण जून २०२५मध्ये मुंबई परिसरातून उचलून बांगलादेशच्या हद्दीत ढकललेले बंगालचे मजूर काही दिवसांतच परत आणावे लागले. दिल्लीहून तशीच पलीकडे पाठवलेली बीरभूमची गरोदर बाई डिसेंबरात परतली, तीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. पडताळणी झाली होती, तर ही वेळ का आली? पकडलेल्याला न्यायाधीशासमोर उभं करत नाहीत, हातात लेखी आदेश देत नाहीत, तोवर माझा 'पडताळणी' या शब्दावर विश्वास नाही.

मिस्त्री कागद त्याच क्रमाने पिशवीत भरतो. मग बिडीच्या पाकिटावर एक नंबर लिहून देतो.

"बायकोचा आहे. गावी असते. एखाद्या दिवशी मी कामावर आलो नाही, तर फक्त तिला कळवा."

तुमच्याकडे असा कोणी कामाला असेल, तर त्याच्या घरचा नंबर आजच लिहून ठेवा.