ध्यासाची वाफ आणि पाच टनांचा हिशेब



'ज्याची आवड असेल तेच करा, म्हणजे यश आपोआप मिळेल' हे वाक्य तुम्ही शाळेच्या निरोप समारंभात एकदा तरी ऐकले असेल. ऐकायला ते फार गोड वाटते. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणतेही वाक्य नुसते गोड आहे म्हणून स्वीकारू नये. ते तपासून पाहावे. चला, आपण ते तपासायला सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला जाऊ.

बालाघाटच्या डोंगररांगेजवळचे बार्शी हे जुने व्यापारी गाव. कापूस, धान्य आणि गळिताचा माल आसपासच्या मुलखातून येथे येई. परंतु मुंबईहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग बार्शीवरून न जाता कुर्डुवाडीवरून गेला. मधले अंतर सुमारे ३५ किलोमीटर. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते, असे धरून तुम्हीच हिशेब करा. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल! गाडीची चाके रुतली की माल वाटेतच पडून राहणार.

मग कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आगगाडीचा फाटा का काढला नाही? उत्तर सोपे आहे. पैसा! मुख्य मार्गाच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते. अशा रुंद मार्गाला जड रूळ, भक्कम पूल आणि मोठी वळणे लागतात. एका पेठेच्या मालासाठी एवढा खर्च कोण करणार?

हा प्रश्न एका तरुण इंग्रज अभियंत्याच्या मनात घर करून बसला. त्याचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा. इंग्लंडातील रेल्वे कारखान्यांत उमेदवारी करून तो १८८२ साली भारतात आला आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून नोकरीला लागला. स्वस्त, हलकी, तरीही भरपूर माल वाहणारी गाडी बांधता येईल का, याचा त्याला ध्यास लागला. बार्शीच्या फाट्यासाठी त्याने योजना मांडली, पण ती लगेच कोणी उचलून धरली नाही. पुढे ती नोकरी सोडून तो इंग्लंडात परतला आणि सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागला. बार्शी मात्र त्याच्या डोक्यातून गेली नाही. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना झाली.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. इतकी वर्षे मनात ध्यास होता, म्हणून गाडी धावली का? नाही. गाडी धावली ती एका हिशेबामुळे. तो हिशेब समजून घेण्यासाठी एक छोटा प्रयोग करा.

दोन सारख्या जाडीच्या पुस्तकांवर एक लवचीक प्लॅस्टिकची फूटपट्टी पुलासारखी ठेवा. पट्टीच्या मध्यावर एकावर एक अशी सहा नाणी ठेवा. पट्टी किती वाकली ते पाहा. आता तीच सहा नाणी पट्टीवर सारख्या अंतराने पसरून ठेवा. पट्टी पहिल्यापेक्षा कमी वाकेल. वजन तेवढेच, पण ते वाटले गेल्यामुळे पट्टीवरचा ताण कमी झाला.

रुळाचेही असेच आहे. एकूण गाडी किती जड आहे, यापेक्षा एकेका आसावर, म्हणजे चाकांच्या एकेका जोडीवर किती भार येतो, हे रुळाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो, डबा असो वा मालवाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो. त्याने निवडलेला रूळ दर मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम वजनाचा होता. आज आपल्या मुख्य मार्गांवर ६० किलोग्रॅमचे रूळ असतात, म्हणजे चौपट! दोन रुळांमधील अंतर त्याने अवघे ७६२ मिलिमीटर ठेवले.

पण भार कमी म्हणजे मालही कमी, असे नाही का? येथेच खरी गंमत आहे. मालवाघिणीला चार आस दिले, तर पाच टनांच्या नियमाने तिचे भरलेले वजन २० टनांपर्यंत जाऊ शकते. मग वाघीणच जितकी हलकी, तितका माल जास्त! म्हणून त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांच्या सांगाड्यावर हलक्या वाघिणी बनवून घेतल्या. इंजिनाला सहा आस दिले. त्यांपैकी चार आसांवरची आठ चाके गाडी ओढणारी, तर उरलेल्या दोन आसांवरची चार चाके नुसता भार पेलणारी. सहा गुणिले पाच म्हणजे तीस. ओढायला पुरेसे जोरदार इंजिन तीस टनांच्या मर्यादेत बसले.

एवढ्यावर तो थांबला नाही. गाड्या भारतात पाठवण्यापूर्वी १८९६ साली त्याने इंग्लंडातील लीड्स शहराजवळ रूळ टाकून त्या चालवून दाखवल्या. हिशेब कागदावर बरोबर असला तरी तो रुळावर तपासायला हवा, हे तो जाणून होता. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ही लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिच्यातून माल गेला आणि पंढरीचे वारकरीही गेले. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली. एकविसाव्या शतकात तिची जागा रुंद मार्गाने घेतली. म्हणजे हलक्या गाडीने शंभर वर्षांहून अधिक काळ या भागाची सेवा केली.

येथे तुम्ही म्हणाल, 'मग सिद्ध झाले! ध्यास अधिक हिशेब बरोबर यश.' थांबा. याच माणसाची दुसरी गोष्ट ऐका.

१९१० साली कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात मरण पावला. हा रोल्स म्हणजे रोल्स-रॉइस मोटारींच्या कंपनीतला. पडत्या विमानातून वैमानिकाला वाचवता येईल का, या विचाराने कॅलथ्रॉपला पुन्हा झपाटले. त्याने हवाई छत्री तयार केली आणि तिला 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठीराखा देवदूत, असे नाव दिले. छत्री विमानाला लावलेल्या पेटीत असे. माणूस उडी मारी तेव्हा त्याच्याच वजनाने ती बाहेर ओढली जाऊन उघडे. १९१७ साली विमानातून उडी मारून तिची यशस्वी चाचणीही झाली. ध्यास तोच, अभियंता तोच, चाचणीही झालेली. तरीसुद्धा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना लढाऊ विमानांतून अशी छत्री मिळाली नाही. तिचे वजन आणि तिला लागणारी जागा ही एक अडचण होतीच. शिवाय छत्री असली तर वैमानिक विमान लवकर सोडून देतील, असेही काही अधिकाऱ्यांना वाटे. १९१८ मध्ये शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी मात्र ती उपयोगी पडली. १९२७ साली कॅलथ्रॉप वारला.

एकाच माणसाचे हे दोन ध्यास. एकातून व्यवसाय उभा राहिला, दुसऱ्यातून तसा राहिला नाही. मग ध्यासाचे काम काय? वाफेचे! मोकळ्या हवेत सोडलेली वाफ नुसती शिट्टी वाजवते. तीच नळकांड्यात कोंडून दट्ट्यावर सोडली तर गाडी ओढते. ध्यासाला हिशेबाचे नळकांडे लागते. शिवाय पुढे रूळही टाकलेला असावा लागतो, म्हणजे लोकांची गरज, भांडवल आणि अनुकूल काळ. लंडनमध्ये भांडवल उभे करणे कॅलथ्रॉपला शक्य झाले. बार्शीच्या एखाद्या तितक्याच हुशार मुलाला त्या काळी ते शक्य झाले असते का? याचाही विचार करा.

आणखी एक सावधगिरी. यशस्वी माणसे 'आम्हाला ध्यास होता' असे सांगतात, ते खरेच असते. पण ध्यास असूनही ज्यांना यश आले नाही, त्यांना भाषणाला कोण बोलावतो? फक्त उगवलेली रोपे मोजून बियाणे किती चांगले हे ठरवता येत नाही. न उगवलेले दाणेही मोजावे लागतात.

मग पहिली आवड हुकली तर निराश व्हायचे का? मुळीच नाही. आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर पाहा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकायलाही गेले. पण त्यांना रंगांधळेपणा होता. रंग सुटले, रेषा मात्र सुटली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले, तोच विषय शिकवू लागले आणि पुढे लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन बिघडेल, या भीतीने सुरुवातीला शेतकरी तो नांगर घेईनात. तरी ते खपले नाहीत म्हणून त्यांनी नांगर सोडले नाहीत. १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली.

तेव्हा मित्रांनो, 'मला कशाची आवड आहे?' हा प्रश्न जरूर विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. वहीचे एक पान घ्या. तुमच्या गावातली एखादी अडचण त्यावर लिहा. जिचा विचार तुमच्या मनातून जात नाही, अशी. तिच्याखाली एक मोजमाप लिहा, जे तुम्ही स्वतः या आठवड्यात घेऊ शकाल. किती अंतर, किती वजन, किती वेळ, किती पैसे? कॅलथ्रॉपच्या पानावर 'पाच टन' असे लिहिलेले होते. तुमच्या पानावर कोणता आकडा येतो, ते तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.