मासवणच्या सावलीचं घड्याळ

सूर्यघड्याळ म्हणून उभारलेलं भव्य शिल्प एका गावाहून उचलून दुसऱ्या गावी तसंच मांडता येत नाही, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल यातच आहे. अशा शिल्पाची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावी लागते, म्हणजेच जमिनीशी तिचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका हवा. जयपूरच्या जंतरमंतरातल्या सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाचा कोन 27 अंशांचा, उज्जैनच्या यंत्राचा 23 अंशांहून थोडा जास्त. सूर्या नदीकाठच्या मासवण गावी असं घड्याळ उभारलं, तर तो पावणेवीसच्या आसपास येईल. जयपूरची हुबेहूब नक्कल इथे बसवली तर भरदुपारी काही बिघडणार नाही, पण जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्ये सकाळ-संध्याकाळी वेळ दहा-बारा मिनिटांनी चुकेल. नुसता उभा खांब रोवूनही भागत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य डोक्यावर येतो, मध्यान्ही खांबाची सावली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते.

हे भान आपल्याकडे होतं. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली उज्जैनची वेधशाळा पडझडीला आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी 1923 साली तिचा जीर्णोद्धार करवला, आणि तिथला कारभार गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे आला. वास्तू केवळ प्रेक्षणीय न ठेवता तिच्यातून पुन्हा वेध घेतले गेले. हे मला जीर्णोद्धाराइतकंच मोलाचं वाटतं.

मासवणला सूर्यघड्याळ उभारण्यावर पहिला आक्षेप असा, की असं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. ते खरंच आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. मासवण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ दहा अंश. म्हणून इथला मध्यान्ह सरासरी 12 वाजून 38 मिनिटांनी होतो. त्यातही पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे चढउतार असतो: फेब्रुवारीच्या मध्यावर 12.53, तर दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या आरंभी, 12.22. पण याला चूक कसं म्हणायचं? मुंबईचा रेखांश जवळपास हाच. 1906 मध्ये प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईत तिला कडाडून विरोध झाला, आणि महापालिकेने 39 मिनिटं मागे असलेली 'मुंबई वेळ' 1955 पर्यंत सोडली नाही. मासवणचं सूर्यघड्याळ वर्षभराच्या सरासरीने तीच वेळ दाखवील. ती पुसण्यासाठी आकडे सरकवून कोरू नयेत. शेजारी प्रमाणवेळेशी असलेल्या फरकाचा महिनावार तक्ता लावावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकार वाढवला म्हणून अचूकता वाढतेच असं नाही. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर होते. जयपूरला 27 मीटर उंचीच्या यंत्राच्या, वेळेच्या खुणा असलेल्या चापावर सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, पण तिथेच धूसर पट्टा अर्ध्या वितीपेक्षा जास्त. दोन सेकंदांची अचूकता हवी, तर त्या पट्ट्यात बारीक दोरा किंवा काडी धरून तिची सावली कुठे विरते हे बघावं लागतं. म्हणजे आकाराला निरीक्षकाच्या हाताची जोड हवी.

उरला पावसाळा. चार महिने ढगांत जातील, हे मान्य. पण उरलेल्या आठ महिन्यांत शाळेतल्या मुलांना दोरा हातात धरून स्वतःच्या गावाचा मध्यान्ह शोधता येईल. म्हणून चापाच्या कडेला उभं राहायला पायऱ्या हव्यात, आणि भोवती कुंपण नको.