तीन कॉर्ड, २९ मिनिटं

खुटबाव-यवतच्या पोरांनो, रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम (१९७६) ऐकाच. १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं! डेमूत बसलात की पुणं यायच्या आत अख्खा ऐकून होतो. त्यांच्या गिटारवाल्या जॉनी रामोनचा उजवा हात बघा, तारांवरचा फटका वरून खालीच. पॉवर कॉर्ड म्हणजे नुसते सा आणि प. गंधार गाळलेला, म्हणून डिस्टॉर्शन कितीही वाढवा, सुरांचा चिखल होत नाही.

१९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडनं उसनवारी करून चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. मुंबईत द रायट पेडलर्सनी तिघांतच पंक दणाणून सोडलं.

मीही तशीच गाणी मराठीत बांधतोय: उसाचं थकलेलं बिल, रात्रीची थ्री-फेज लाईट. ड्रमवाला हवाय. हलगीवाला आला तर अजून भारी!