ओल्या फडक्यांसाठी रेनकोटची पिशवी

दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास आणि झोप सारे एकाच ठिकाणी होते. अशा घरात ओट्यावरचे मसोते, भांडी पुसायचे फडके आणि कढई उतरवायच्या चिंध्या रात्रभर ठेवायच्या कुठे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. नळ सकाळी ठरल्या वेळेलाच येतो. तोवर ही फडकी मोरीच्या कोपऱ्यात बोळा होऊन पडतात, कुबट वास सुटतो, झुरळे जमतात आणि हातभर अंतरावर मुलाचे दप्तर असते. पूर्वी अशी फडकी दुकानातून आलेल्या पातळ कॅरिबॅगमध्ये कोंबली जात. २०१८ साली राज्यात त्या पिशव्यांवर बंदी आली. तशाही त्या दोन दिवसांत फाटत आणि गटारात जाऊन बसत.

ज्या भगिनींनी आजवर गुंडी लावण्यापलीकडे सुई हातात घेतलेली नाही, त्यांनाही एका दुपारी जमेल अशी पाणी न गळणारी पिशवी आम्ही येथे सांगत आहोत. भावांनी शिवली तरी चालेल. शिंपीकाम पुरुषही करतात, मग घरची पिशवी शिवताना लाज कसली?

कापड विकत आणू नये. पावसाळा संपला की घरोघरी एखादा रेनकोट खिळ्याला लटकत राहतो. त्याची चेन तुटलेली असते, काख उसवलेली असते, पण पाठ शाबूत असते. तीच आपल्या कामाची. रेनकोट नायलॉनच्या कापडाचा आणि आतून लेप दिलेला हवा. नुसत्या प्लास्टिकचा असेल तर टपाल तिकिटासारखा शिवणीच्या भोकांवर टरकन फाटतो. लेप कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तोही बाद. पारख सोपी आहे. पाठीचे कापड वाडग्यावर सैल ताणून त्यात ओंजळभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी खालून हात फिरवावा. हात कोरडा राहिला तर कापड चांगले.

छत्रीचे कापड का नको, असे कोणी विचारील. त्याच्या पाकळ्या तिकोनी असतात आणि दर पाकळीला जोड असतो. जोड आला की भोके आली, आणि भोकांतूनच पाणी झिरपते. पिशवीचे सारे गमक यातच आहे. शिवण कमीत कमी असावी आणि तळाला तर मुळीच नसावी. म्हणून आपण दोन तुकडे जोडणार नाही, एकच लांब तुकडा दुमडणार आहोत.

पाठीतून १५ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असा सरळ तुकडा कापावा. खुणेसाठी साबणाची चिप पुरते. टाचण्या लावू नयेत, कारण टाचणीचे भोक या कापडात बुजत नाही. त्याऐवजी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावावेत. शिवण चुकून उसवावी लागली तरी जुनी भोके तशीच राहतात. म्हणून उरलेल्या चिंधीवर आधी चार-सहा रेघा शिवून हात बसवावा, मगच खऱ्या तुकड्याला हात घालावा. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा वातीसारखा पाणी ओढतो. मशिनला चौदा नंबरची सुई आणि मोठा टाका ठेवावा. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते हा समज येथे उलटा पडतो, कारण जितके टाके तितकी भोके.

आता तुकडा मधोमध दुमडून १८ इंच उंच करावा. लेपाची बाजू आत राहू द्यावी. दोन्ही बाजूंना वरून दोन इंच सोडून खाली घडीपर्यंत, कडेपासून दोन सूत आत टीप मारावी. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके मागे-पुढे घ्यावेत. मग टिपेबाहेरचे कापड निम्मे कातरून पिशवी उलटी करावी, म्हणजे लेप बाहेर येईल. कोपरे बोटाने नीट काढावेत आणि त्याच बाजूंना तीन सूत आत दुसरी टीप मारावी. पहिल्या शिवणीच्या कच्च्या कडा हिच्या पोटात बंद होतात. या वेळी लेप वर असल्याने मशिनचा पाय चिकटतो व कापड पुढे सरकत नाही. वर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून कागदासकट शिवावे, नंतर कागद फाडून काढावा.

वरच्या दोन इंचांपाशी शिवण जिथे सुरू होते तिथे छोटी खाच द्यावी आणि मोकळ्या कडा लेपाच्या बाजूला दुमडून शिवाव्यात. मग तोंडाची कड आधी अर्धा इंच व पुन्हा दीड इंच दुमडून दोन्हीकडे नेफा करावा. एका बाजूने नाडी आत घालून पुढच्या व मागच्या नेफ्यातून फिरवावी आणि त्याच बाजूला बाहेर काढून गाठ मारावी. ४० इंच नाडी पुरते. खिळ्याला अडकवायचा फासा शिवायचा तर नेफ्यावरच शिवावा. तिथवर पाणी येत नाही. पिशवी सुलटी केली की सुमारे पावणेचौदा इंच रुंद आणि १६ इंच उंच भरते.

मशिन नसेल तर हातानेही होते, पण धावदोरा घालू नये. दर टाक्याला सुई अर्धी मागे घेऊन पुढे काढावी. शेवटी बाहेरून शिवणीच्या रेघेवर मेणबत्ती घासावी, भोके बरीच बुजतात. धुण्याने मेण निघून जाते, तेव्हा अधूनमधून पुन्हा घासावे.

तांब्याभर पाणी ओतून पिशवी अर्धा तास बादलीवर टांगून पाहावी. तळाला थेंब दिसता कामा नये. बाजूच्या शिवणीला थोडा ओलावा आला तर हरकत नाही. ही पखाल नव्हे, पिळलेली फडकी ठेवायची पिशवी आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राणीवशाने आनंद थेरांना पाचशे वस्त्रे दिली. हा श्रमण आता कापडाचे दुकान थाटणार की काय, अशी राजाला शंका आली. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना ही वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडणफडकी, आणि शेवटी ती कुटून मातीत मिसळून जमीन सारवू. भिक्खूच्या आठ परिष्कारांत भिक्षापात्राबरोबर सुईही आहे. घरात चिंधी जपणाऱ्या आपल्या आजीला कोणी कंजूष म्हटले तर हा प्रसंग जरूर सांगावा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना जे सांगितले, त्यात स्वच्छ राहायला शिका हेही होते.

वापराबद्दल मात्र आमचे मत कडक आहे. जी पिशवी पाणी बाहेर जाऊ देत नाही, ती ओलही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फडकी आधी घट्ट पिळावीत आणि पिशवीत एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नयेत. नाहीतर मोरीतला वास पिशवीत येईल एवढेच. नाडीही सैल बांधावी. सकाळी फडकी धुतल्यावर पिशवी उलटी करून साबणाने धुवावी व सावलीत वाळवावी. उकळते पाणी आणि इस्त्री यांनी लेप जातो. भाकरीचे फडके यात टाकू नये, ते वेगळे धुवावे. बाळाची दुपटी आणि पाळीची कापडे यांना स्वतंत्र पिशव्या हव्यात. ती कापडे धुऊन लाज न धरता उन्हातच वाळवावीत. या पिशवीत भाजी किंवा धान्य कधीही ठेवू नये. रेनकोटचा लेप अन्नासाठी केलेला नसतो.

रेनकोटच्या बाह्या उरतील, त्या फेकू नयेत. बाहीचे मनगटाकडचे टोक शिवून बंद केले की घडीची ओली छत्री ठेवायला म्यान तयार होते. लोकलमध्ये शेजारच्याचे कपडे भिजत नाहीत.