चिनी सहकाऱ्याचं ‘हो’ कसं ऐकावं?

१८६२ पासून ओपेलचं असलेलं आपलं र्युसेल्सहाइम आता चीनशीही जोडलं गेलंय. ओपेलची मालक कंपनी स्टेलांटिसने २०२३ मध्ये हांगझौच्या लीपमोटरमध्ये सुमारे १.५ अब्ज युरो गुंतवले. उद्या तुमच्या मीटिंगमध्ये चिनी सहकारी असले, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, ‘मेई वन्थी’ म्हणजे ‘काही अडचण नाही’. जर्मन माणूस हे ऐकून तारीख पक्की धरतो. पण आपल्याकडचं ‘बघू, करू’ आठवा! तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून होकार येतो. ‘जमेल का?’ असं विचारू नका. ‘गुरुवारपर्यंत कोणता भाग तयार असेल, तो कोण करतंय?’ असं विचारा.

दुसरी, चूक सापडली तर चारचौघांत दाखवू नका. त्यांच्याकडे ‘म्येन्झ’, म्हणजे लोकांतली पत, फार जपतात. वरिष्ठांसमोर पाणउतारा झाला, तर पुढची अडचण तुम्हाला वेळेत कळणारच नाही आणि प्रकल्प तिथेच घसरेल. आधी एकट्याशी बोला.

तिसरी, घड्याळ. चीन उन्हाळ्यात सहा तास पुढे असतो, हिवाळ्यात सात. इथले सकाळचे नऊ तिकडच्यांना आणि पुण्यालाही सोयीचे. चिनी नववर्षाच्या आठवड्यात मात्र डेडलाइन ठेवू नका. आपण दिवाळीत ठेवतो का?

जर्मन ‘नाही’ आणि चिनी ‘हो’, दोन्ही समजणारा मराठी माणूस टीमला हवाच असतो. तो तुम्ही व्हा.