गोड्या पाण्यातील बटू कोळंबीचे संगोपन व प्रजनन : एक विवेचन

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये महाविद्यालयीन स्तरावरील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले. प्राण्यांच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच होता. मात्र तक्ते, प्रतिकृती व चित्रफिती यांवरच भिस्त राहिल्यास विद्यार्थ्याचा जिवंत प्राण्याशी संबंध तुटण्याचा धोका संभवतो. घरी किंवा विभागात लहानशा मत्स्यपेटीत वाढणारी बटू कोळंबी ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. तिच्या संगोपनामागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परिचय :
सर्वाधिक पाळली जाणारी जाती म्हणजे ‘निओकॅरिडिना डेव्हिडी’ होय. संधिपाद संघातील अटायिडी कुळातील ही जाती मूळची पूर्व आशियातील आहे. बूव्हिए यांनी १९०४ मध्ये तिचे वर्णन केले. निसर्गात ती फिकट तपकिरी व अर्धपारदर्शक असते. ‘चेरी’ नावाने परिचित असलेला तांबडा रंग निवड-प्रजननातून सिद्ध झाला आहे. पूर्ण वाढलेली मादी सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांब असते, तर नर लहान व फिका असतो. आयुर्मान साधारणतः एक ते दोन वर्षे असते.

पाण्याची पूर्वतयारी :
कोळंबी दगावण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे घाई. प्राण्यांच्या उत्सर्गातून अमोनिया निर्माण होतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू स्थिरावण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून चाळीस लिटरची पेटी, स्पंज फिल्टर व जावा मॉस यांची मांडणी करून, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच दहा-बारा कोळंब्या सोडाव्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकणे अनिवार्य आहे. तांबेयुक्त औषधेही वर्ज्य समजावीत. कोळंबीच्या रक्तातील प्राणवायुवाहक हिमोसायनिनमध्ये तांबे असतेच, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे तिला अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते.

आपल्याकडील हवामान :
या जातीस २० ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते; म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा तिची कसोटी पाहतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. कोकणच्या दमट हवेत हाच उपाय कमी परिणामकारक ठरतो. बाष्पीभवनात पाणी जाते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर बोअरच्या जड पाण्याने न घालता आरओच्या पाण्याने घालावी.

कात टाकणे व प्रजनन :
वाढीसाठी कोळंबीला ठरावीक काळाने कवच टाकावे लागते. टाकलेले कवच पेटीतच राहू द्यावे. ते खाऊन ती त्यातील कॅल्शियम काही प्रमाणात परत मिळवते. प्रौढ मादीच्या पाठीवर खोगिरासारखा दिसणारा पिवळसर ठिपका म्हणजे अंडाशयात पक्व होणारी अंडी होत. कात टाकल्यानंतर मादी पाण्यात रासायनिक संदेश सोडते व नर तिच्या शोधात वेगाने पोहू लागतात. समागमानंतर वीस ते तीस अंडी पोटाखालील पायांना चिकटतात आणि मादी पाय सतत हलवून त्यांना प्राणवायू पुरवते. सुमारे तीन ते चार आठवड्यांत आईसारखीच दिसणारी इवली पिले बाहेर येतात. अनेक कोळंब्यांमध्ये आढळणारी मुक्त डिंभकावस्था येथे नसते, त्यामुळे खाऱ्या पाण्याची गरज भासत नाही. याउलट अमानो कोळंबीच्या डिंभकांना मचूळ पाणी लागते. अंड्यांतील भ्रूणाचे डोळे भिंगातूनही दिसतात; विकास शिकवण्यास याहून सुलभ साधन विरळाच. पिले शेवाळ व जैवपटलावर वाढतात, म्हणून पेटी अतिस्वच्छ ठेवू नये. वेगवेगळ्या रंगांच्या कोळंब्या एकत्र ठेवल्यास संकरातून पुन्हा तपकिरी संतती दिसू लागते; आनुवंशिकीचा हा जिवंत पाठच होय.

पर्यावरणीय दक्षता :
संख्या वाढली की अतिरिक्त कोळंब्या ओढ्यात सोडण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. जर्मनीतील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांतात उष्ण सांडपाण्यामुळे कोमट राहणाऱ्या प्रवाहात ही जाती आढळल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील थंड हवामानात तिला उष्ण सांडपाण्याचा आधार लागला. आपल्या नद्यांना तशा आधाराची गरज नाही. भारतातील गोड्या पाण्यात कॅरिडिना प्रजातीच्या स्थानिक कोळंब्या आहेत. परकी जाती त्यांच्या अन्नात वाटेकरी होऊ शकते, रोगही नेऊ शकते. म्हणून पेटीतील बदललेले पाणी नाल्यात न ओतता कुंड्यांतील झाडांना घालावे.

निष्कर्ष :
बटू कोळंबीचे संगोपन अल्पखर्चिक असले, तरी ते संयमाची अपेक्षा करते. नायट्रोजन चक्र, कवचत्याग, भ्रूणविकास व आनुवंशिकी हे चार घटक एकाच पेटीत, एकाही प्राण्याचा जीव न घेता शिकवता येतात. मात्र पेटीतील जीव पेटीतच राहील, ही जबाबदारी स्वीकारूनच हा उपक्रम हाती घेणे उचित ठरेल.