कुमुद म्हणजे कोणते फूल?

लोअर परळला कमला मिल कंपाउंड आहे. कापडाची गिरणी गेली, पण नाव राहिले. कमला हे लक्ष्मीचे नाव. ते कमळावरून आले. नलिनी, सरोज, पद्मा हीही कमळाचीच नावे.

मग कुमुद? पुष्कळांना वाटते, तेही कमळच. पण तसे नाही. दोन्ही फुले पाण्यातली, जात मात्र निराळी. कमळाचे पान गोल असते, त्याला चीर नसते. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते. कमळ सकाळी उमलते, कुमुद रात्री. म्हणून जुन्या काव्यांत कमळाचा सखा सूर्य आणि कुमुदिनीचा सखा चंद्र.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये पुरी झाली. आपली कथा कशी ऐकावी, हे ज्ञानेश्वर महाराज पहिल्याच अध्यायात सांगतात. कुमुदिनीसारखी ऐकावी! चंद्र आभाळात, ती तळ्यात. तरी आपली जागा न सोडता ती त्याला भेटते.

तुकाराम महाराज तिलाच कमोदिनी म्हणतात. तिचा सुवास भुंगा लुटतो, तिला स्वतःला तो ठाऊक नसतो, असे ते सांगतात. आपल्या नावाचेही असेच होते. कुमुदताई रोज सही करतात, पण त्या तीन अक्षरांत तळे आहे, चांदणे आहे, हे वाचल्याशिवाय कसे कळणार?

वाचायला कुठे लांब जावे लागत नाही. चाळीतल्या खोलीत बसावे, दिवा लावावा, की सातशे वर्षांपूर्वीचे बोल भेटीला येतात.

तुमच्या घरी कोणाचे नाव फुलावरून ठेवले आहे? ते लिहून पाहा.